समुद्रापार गेलेले आप्त आणि त्यांचं गाव

घरातलं कुणीतरी फार वर्षांपूर्वी बोटीने गेलं आणि परत आलं नाही, एवढंच पुष्कळ मराठी घरांना आपल्या परदेशातल्या शाखेबद्दल ठाऊक असतं. पणजोबांचा धाकटा भाऊ आफ्रिकेला गेला, आजीचे मामा आबादानच्या तेल कंपनीत होते, कुणाचे चुलते जहाजावर होते आणि विलायतेतच कुठेतरी उतरून राहिले. वाक्य इथेच संपतं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत अशी अर्धवट वाक्यं अनेक तऱ्हांची आहेत, कारण इथली वस्तीच अनेक तऱ्हांची आहे. साष्टीतले मूळचे ईस्ट इंडियन इथे आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेली चाकरमानी कुटुंबं आहेत, कोकणी मुसलमान आहेत, कच्छी आणि गुजराती आहेत. या सगळ्यांचे नातेवाईक वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या बंदरांकडे गेले. जुने दस्तऐवज आता घरबसल्या उघडता येतात, परदेशातल्या पुढच्या पिढ्या स्वतःहून विचारणा करतात, आणि त्यामुळे ही वाक्यं पुरी करावीत अशी ओढ वाढली आहे. हे पुस्तक त्या ओढीसाठी लिहिलेलं आहे. मात्र बहुतेक जण ज्या टोकापासून शोध सुरू करतात ते टोकच कामाचं नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि ते पटवून देण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवावी लागली. बहुतेक जण आडनावापासून निघतात. मी म्हणतो, गावापासून निघा.

आडनावावर भरवसा ठेवण्याची सवय आपल्याला शाळेच्या हजेरीपटाने आणि रेशनकार्डाने लावली. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणातला कुणबी, महार, भंडारी किंवा गाबित माणूस सरकारी कागदावर आडनावासह येईलच असं मुळीच नव्हतं. त्याचं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव, एवढ्यावर त्याची ओळख पुरी होत असे. कुळाचं नाव गावात माहीत असे, पण ते लिहायची गरज कुणाला पडत नसे. महार समाजात पुरुषांच्या नावाला 'नाक' हे पद जोडलं जाई. कोरेगावच्या स्तंभावर अशी नावं आजही वाचता येतात. असा माणूस बंदरावर उभा राहिला आणि कारकुनाने नाव विचारलं, तर तो स्वतःचं आणि बापाचं नाव सांगणार. पुढे परक्या देशात त्यातलं एक नाव त्याच्या मुलाबाळांचं आडनाव होऊन बसलं. आज इथल्या घरात लागलेलं आडनाव आणि तिथल्या घरात लागलेलं आडनाव, दोन्ही माणूस गेल्यानंतर तयार झाली असतील, तर ती जुळणार कशी? दोन घरं एकाच पणजोबाची असूनही त्यांच्या दारावरच्या पाट्यांमध्ये एक अक्षर सारखं नसेल, ही शक्यता धरूनच चाललं पाहिजे.

मॉरिशसचं उदाहरण याबाबतीत सगळ्यांत स्वच्छ आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचलं आणि पुढच्या पाऊणएक शतकात साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसं ऊसमळ्यांच्या करारावर त्या बेटावर उतरली. त्यात बिहार आणि पूर्वेकडच्या माणसांचा भरणा मोठा, मद्रासचा त्याखालोखाल, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा सर्वांत लहान. १८४२च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मॉरिशसला माणसं नेण्यावरची बंदी उठली. मुंबईतून प्रामुख्याने कोकणातली आणि काही प्रमाणात देशावरची माणसं गेली. आणि १८६०च्या दशकात, शहरात कापसाच्या तेजीने आणि पुढे गिरण्यांनी मजुरी मिळू लागली त्या सुमारास, हा ओघ आटला. त्या लहान वाट्यातून उभा राहिलेला मराठी समाज आजही तिथे गणपती बसवतो आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली तो आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यातली एक ओळ नीट पाहावी. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज, आणि मग जिल्हा, परगणा, गाव. १८६०च्या दशकापासून पुढे काहींची छायाचित्रंही आहेत. म्हणजे मॉरिशसमधल्या कुटुंबाकडे पणजोबाच्या कपाळावरच्या व्रणापर्यंत तपशील असू शकतो. नसतं ते इतकंच, की हे गाव नेमकं कुठे आहे आणि तिथे आता आपलं कोण राहतं. इकडच्या घराची स्थिती उलटी आहे. गाव पक्कं ठाऊक असतं, देवळातला मान ठाऊक असतो, गेलेल्या माणसाचा कागद मात्र एकही नसतो. तिकडे कागद आहे आणि इकडे गाव आहे. ही दोन टोकं ज्या एका शब्दावर भेटू शकतात तो शब्द गावाचं नाव हाच आहे.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं कल्पनेत ठीक आहे. प्रत्यक्षात असं कुणी सापडलं आहे का? सापडले आहेत, आणि ते गावाच्याच आधाराने सापडले आहेत. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर जानेवारी २०१२ मध्ये बिहारमधल्या बक्सर जिल्ह्यातल्या भेलूपूर गावी गेल्या, तेव्हा त्यांच्या पणजोबांना गाव सोडून शंभरहून अधिक वर्षं झाली होती. १८८९ साली कलकत्त्याहून निघालेल्या त्या माणसाच्या परवान्यावर गाव लिहिलेलं होतं, म्हणून हे शक्य झालं. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्या घराण्याचं बिहारमधलं हरिगाव असंच कागदावरून जमिनीवर आलं. ही मोठी माणसं, त्यांच्यासाठी सरकारं हलतात, हे खरं आहे. पण सरकारांनाही हलायला दिशा लागते, आणि ती परवान्यावरच्या एका ओळीने दिली. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची वाट मोकळी केली, तेव्हापासून त्या ओळीला व्यवहारातलंही मोल आलं आहे. मूळ सिद्ध करायचं तर मुळाचा पुरावा दाखवावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीविषयी तिकडून पत्र आलं, तर ते वाचणारा माणूस बोरिवलीतल्या दोन खोल्यांत राहत असण्याची शक्यता गावात राहत असण्याइतकीच आहे. हे पुस्तक उपनगरातल्या वाचकाला समोर ठेवून लिहिण्याचं ते एक कारण.

साष्टीतल्या ईस्ट इंडियन कुटुंबांकडे वळलं की आडनावाचा निरुपयोगीपणा वेगळ्या वाटेने दिसतो. इथे आडनाव आहे, चारशे वर्षांचं आहे, आणि तरीही कामाचं नाही. डिसोझा, परेरा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज ही नावं गोव्यात आहेत, मंगळुरात आहेत, वसईत आहेत, मरोळमध्ये आणि गोराईतही आहेत, आणि पोर्तुगीज जिथे जिथे गेले त्या प्रत्येक किनाऱ्यावर आहेत. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, इथल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोवा आणि मंगळूरकडून आलेल्या, अशीच आडनावं असलेल्या लोकांपासून आपण वेगळे ओळखले जावेत, हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे आडनावाने काम भागत नाही ही अडचण त्या काळच्या माणसांनाच जाणवली होती. कॅनडातली किंवा ऑस्ट्रेलियातली एखादी नात आज 'साल्सेट' एवढं वाचून शोध घेते आणि थेट गोव्यात पोहोचते, कारण साष्टी दोन आहेत. एक गोव्यातली, मडगावभोवतालची. दुसरी ही आपली, वांद्र्यापासून ठाण्याच्या खाडीपर्यंतची. या गोंधळातून सोडवतं ते पुन्हा गावच. पणजोबा मरोळचे की कोंडिविट्याचे, एकसरचे की कुर्ल्याचे, एवढं कळलं की चर्च ठरतं, आणि चर्च ठरलं की बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या ठरतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांच्या नावापुढे धर्मपिता आणि धर्ममाता येतात. नवख्या शोधकाला ती ओळ ओलांडून जावीशी वाटते; माझ्या मते तिथेच थांबावं. धर्मपिता बहुधा नात्यातला किंवा शेजारचा असतो, आणि जो भाऊ परदेशी गेला त्याचं नाव स्वतःच्या घराच्या नोंदींपेक्षा पुतण्याच्या बाप्तिस्म्यात सापडण्याचा संभव मोठा.

कोकणी मुसलमानांची गोष्ट अधिक अलीकडची आणि कागदांच्या दृष्टीने अधिक श्रीमंत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या गावांमधून पुरुष दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले; दुकानदारी, फेरीवाल्याचा धंदा, मजुरी, जे मिळालं ते त्यांनी केलं. बायकामुलं बहुतेक वेळा गावीच राहिली, म्हणून ते मधून मधून घरी येत. १९०६च्या केप वसाहतीच्या कायद्याने या येण्याजाण्यावर परवान्याची सक्ती आली. परवान्यावर छायाचित्र, हाताचे ठसे, आणि ठरावीक मुदतीत परतण्याची अट असे. ज्याला आजारपणाने, लग्नाने किंवा बोट न मिळाल्याने उशीर झाला त्याचा तिथे राहण्याचा हक्कच जायचा. त्या सक्तीने कित्येक संसार मोडले असतील. पण तिच्यामुळेच केपटाऊनच्या अभिलेखागारात हजारो सामान्य माणसांच्या फायली उरल्या, आणि त्यांत बापाचं नाव, बायकोचं नाव, मुलांची वयं आणि गाव सापडतं. याच्या उलट उदाहरण ब्रिटनचं. तिथे समुद्रमार्गे उतरलेल्या प्रवाशांच्या १८७८ ते १९६० या काळातल्या याद्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि आज घरबसल्या पाहता येतात. त्यांत नाव, वय, धंदा, बोट आणि ब्रिटनमधला पत्ता मिळतो, पण मूळ ठिकाणाच्या जागी पुष्कळदा नुसतं 'इंडिया' असतं. सर्वांत सोपा कागद आपल्या कामाला सर्वांत अपुरा ठरतो, आणि शोध घेणारे बहुतेक जण नेमके तिथेच अडकतात. जहाजावरच्या खलाशांबाबतही कामाला येतं ते गावच. गोव्याचे खलाशी मुंबईत धोबीतलाव परिसरातल्या कूडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, उतरायचे, आणि प्रत्येक कूड एकेका गावाची असायची. तिथे कुणी आडनाव विचारत नसे. कुठल्या गावचा, हे आधी पाहत.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा, की मराठी आडनावातच गाव असतं; मग एवढा खटाटोप कशाला? बेने इस्रायल समाजात तर हे ठळक आहे. पेणकर, केहीमकर, नवगावकर, चेऊलकर ही नावं कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच वाचून दाखवतात. १९४८ नंतर या समाजातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, आणि लोद, रामले, बीरशेबा, दिमोना, अश्दोद इथे आजही त्यांच्या पाट्यांवर 'कर' दिसतो. परंतु आडनावातलं गाव हे कुळाचं जुनं गाव असतं, गेलेल्या माणसाचं नव्हे. १९५० साली विमानाने गेलेला पेणकर पेणला जन्मला असेल हे कशावरून? तो ठाण्यात किंवा कुर्ल्यात वाढला असेल, त्याचे वडील रेल्वेत किंवा पोस्टात असतील, आणि त्याचा मागमूस लावणारा कागद ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये किंवा मुंबईतल्या एखाद्या शाळेत असेल. मी गाव म्हणतो ते माणसाने शेवटचा पाय जिथून उचलला ते. आडनावातलं गाव फार तर दिशा दाखवतं, आणि तीही कधी कधी चुकीची.

दुसरा आक्षेप उपनगरवाल्यांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो: आमची गावंच राहिली नाहीत, शोधायचं काय? अंधेरीच्या पोटात मोगरे, गुंदवली, चकाला, सहार, मुळगाव, ओशिवरे, परजापूर, व्यारावली अशी गावं होती. काही विमानतळाने घेतली, काही आरे दूध वसाहतीने, काही औद्योगिक वसाहतीने. कोंडिविट्याजवळचं १५७९ साली बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आज सीप्झच्या कुंपणाआत भग्न उभं आहे. १८४०च्या सुमारास साथीमुळे तिथली वस्ती मरोळला सरकली, म्हणजे गाव कारखान्यांच्या आधीच एकदा हललं होतं. त्यावर जिल्ह्यांची उलथापालथ. अंधेरी परिसर १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात, साष्टी तालुक्यात. मग मुंबई उपनगर जिल्हा. १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत. १९९० मध्ये पुन्हा स्वतंत्र उपनगर जिल्हा, अंधेरी, बोरिवली, कुर्ला या तीन तालुक्यांचा. १८९०चा कागद 'जिल्हा ठाणे' म्हणेल आणि ते चूक नसेल. हे सगळं मान्य करूनही मी म्हणतो, गाव नाहीसं झालेलं नाही. ते जमिनीवरून कागदात गेलं आहे. आपल्या फ्लॅटच्या खरेदीखतासोबत मिळालेली सूची क्रमांक २ काढून पाहावी. माथ्यावरच 'गावाचे नाव' अशी ओळ असते. पत्ता जेबी नगरचा असो की लोखंडवालाचा, तिथे कोंडिविटे किंवा ओशिवरे असंच लिहिलेलं असतं. घाटकोपरचा कागद किरोळ म्हणतो, बोरिवलीचा एकसर, शिंपोली, मागाठाणे किंवा कान्हेरी म्हणतो, विक्रोळीचा हरियाली. महसूल खात्याने मौजा सोडलेला नाही. परदेशातून आलेल्या पत्रातलं, कारकुनाने कानावर विसंबून लिहिलेलं गाव कुठलं असेल हे ठरवायला मौजांची ही यादी मोठ्याने वाचणं हा अजूनही उत्तम उपाय आहे. 'ळ'चा 'ल' झालेला असतो, 'ण'चा 'न' झालेला असतो, शेवटचा 'ए' गळलेला असतो. डोळ्यांना न जुळणारं नाव कानाला जुळतं.

अर्थात उपनगरातल्या बहुसंख्य कुटुंबांचं गाव इथलं नाहीच. त्यांच्या बाबतीत गावावर गावाचे थर आहेत. आजोबा राजापूर तालुक्यातून लालबागला आले, वडिलांनी अंधेरीत खोली घेतली, आणि आजोबांचा जो भाऊ बोटीवर गेला त्याचा पत्ता गिरणगावातल्या चाळीचा लागला. अशा वेळी मुंबईचा पत्ता हे गाव मानून शोध थांबतो. तो एक थर खाली न्यायचा तर साधनं साधी आहेत. जुना शाळा सोडल्याचा दाखला काढावा, किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरची नक्कल मागावी. जन्मस्थळाच्या रकान्यात मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे सगळं असण्याचा संभव असतो. गावकऱ्यांच्या खोल्या आणि त्यांतून उभी राहिलेली ग्रामस्थ मंडळं आता गिरणगावातून उपनगरांत आली आहेत. मंडळाच्या वर्गणीच्या जुन्या वह्यांत परदेशातून आलेली वर्गणी स्वतंत्र लिहिलेली असू शकते, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराच्या यादीत तर नक्की पाहावं. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना ठाऊक आहे, की उपाध्याय आधी गाव विचारतो. घाटकोपर-मुलुंडमधल्या शेजाऱ्यांकडूनही यात शिकण्यासारखं आहे. जामनगरकडची बावन्न गावं सांगणारा हालारी विसा ओसवाळ समाज केनियात गेला, तिथून पुष्कळसा लंडनला गेला, पण त्यांची वस्तीपत्रकं गावानुसार लावलेली असतात. माणूस नैरोबीत असो की मुलुंडला, तो आपल्या गावाच्या पानावर सापडतो. १९७२ मध्ये युगांडातून नव्वद दिवसांत हजारो कुटुंबं बाहेर फेकली गेली आणि अनेक देशांत विखुरली, तेव्हा नातेवाईकांना परस्परांचा पत्ता लागण्यात अशा गावनिष्ठ जाळ्याचा किती उपयोग झाला असेल याचा अंदाज बांधता येतो. मराठी मंडळांनी असं पान अजून उघडलेलं नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

डीएनए चाचणीमुळे आता हे सगळं जुनं झालं, असंही ऐकू येतं. चाचणीला माझा विरोध नाही. दत्तक गेलेल्यांच्या किंवा बापाचं नाव न लागलेल्यांच्या वंशजांना तिच्याइतका दुसरा आधार नाही. पण तिची मर्यादा आपल्या समाजरचनेतच आहे. पिढ्यान् पिढ्या जातीतल्या जातीत, आणि काही समाजांत तर वीसपंचवीस गावांच्या आतच लग्नं झाली, तर दूरचा भाऊबंदही चाचणीत जवळचा दिसतो. शिवाय चाचणी करून घेतलेल्यांत भारतात राहणारी माणसं थोडी आहेत. परदेशातल्याला परदेशातलाच नातेवाईक सापडतो. निकाल सांगतो की दोघांत काही नातं आहे. कुठल्या घरातून, कुठल्या पिढीत, हे सांगायला पुन्हा गावाचाच कागद लागतो.

यापेक्षा अवघड प्रश्न घरातल्या तोंडी माहितीचा आहे. वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं आपण पुरावा मानतो, आणि मानावंही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की गेलेल्या माणसाची आठवण जमिनीच्या कागदाशी बांधलेली असते. सात वर्षं ज्याची वार्ता नाही त्याला मृत धरता येतं, असं १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात होतं आणि नव्या कायद्यातही आहे. धर्मशास्त्राने बारा वर्षं सांगितली आणि त्यानंतर पालाशविधीची, म्हणजे पळसाची प्रतिमा करून अंत्यसंस्कार करण्याची, सोय ठेवली. पण गावात कोर्टाचा निकाल किंवा विधी यांची वाट दर वेळी कोण पाहतो? वारस लावताना तलाठ्यापुढे जबाब होतो, की अमुक इसम निपुत्रिक मयत आहे, आणि सातबाऱ्यावरून एक नाव कमी होतं. पुढची पिढी तोच जबाब घराण्याचा इतिहास म्हणून ऐकते. 'आजोबांचा भाऊ लग्नाआधीच तिकडे वारला' हे वाक्य खरं असेलही. पण ते पहिल्यांदा कुणी, कशासाठी आणि कुठल्या फेरफाराच्या वेळी उच्चारलं, हे तपासावं. म्हणून गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांची नोंदवही, आणि ६-क, म्हणजे वारसांची नोंदवही, यांवर या पुस्तकात मोठं प्रकरण आहे. तिथे तारीख मिळते, आणि तारीख म्हणजे माणूस त्याआधी गेला होता याची कड. जुन्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बहिणींची नावं ढकललेली असतात, ती वाचायला विसरू नये. परदेशी गेलेल्या भावाची पत्रं कित्येकदा सासरी गेलेल्या बहिणीकडे यायची, आणि तिच्या सासरचं गाव हेच शोधातलं दुसरं गाव असतं.

गेलेल्या माणसाला शोधलं जावं असं वाटत होतं का, हा प्रश्नही टाळता येत नाही. करारावर गेलेल्यांत कर्जाने पिचलेले होते, नवऱ्याचं घर सोडून निघालेल्या बायका होत्या, जातीचा जाच संपवायला निघालेले होते. काहींनी बंदरावर जाणूनबुजून खोटं नाव सांगितलं, कुणी जात बदलून सांगितली, आणि कुणी जवळच्या मोठ्या गावाचं नाव आपलं म्हणून दिलं. माझ्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादाला हा सर्वांत मोठा धक्का आहे, कारण इथे गावाची ओळही खोटी असू शकते. अशा ठिकाणी शोध एका गावावरून आसपासच्या गावांकडे न्यावा लागतो आणि पुष्कळदा तो अपुरा राहतो. तो अपुरा राहणं मला मान्य आहे. त्या बाईने शंभर वर्षांपूर्वी जे लपवलं ते तिच्या संरक्षणासाठी लपवलं होतं. तिच्या पणतीला ते कळावं की नाही याचा निर्णय पणतीचा आहे, इथल्या भाऊबंदांचा नाही. त्यामुळे सापडलेली जात, सापडलेलं पहिलं लग्न किंवा सोडलेलं मूल यांची माहिती कुटुंबाच्या समूहात टाकण्याआधी ज्याच्या घराण्याची ती आहे त्याला विचारावं, हा नियम या पुस्तकाने सुरुवातीपासून पाळला आहे.

शेवटची अडचण उपनगरात सगळ्यांना ठाऊक असते आणि मोठ्याने कुणी बोलत नाही. गावठाणातल्या घराच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असताना टोरांटोचा चुलत भाऊ सापडणं सगळ्यांना हवं असतं का? भीती निराधार नाही. सामाईक मिळकतीत एका हिस्सेदाराचा ताबा हा सर्वसाधारणपणे सगळ्यांच्या वतीने धरला जातो, आणि कुणी फक्त दूर राहिला म्हणून त्याचा हक्क आपोआप बुडत नाही. शोधामुळे हिस्सा निर्माण होत नाही. तो असेल तर आधीपासूनच असतो, आणि दडवून ठेवलेला हिस्सेदार पुढे खरेदीदाराच्या वकिलाला सापडला तर त्याची किंमत अधिक पडते. तरीही नात्याचा शोध आणि मिळकतीचा निवाडा एकाच पत्रात मिसळू नयेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पहिल्या पत्रात आपलं नाव, आपल्या आजोबांचं आणि पणजोबांचं नाव, गाव, वाडी, तालुका, तेव्हाचा जिल्हा आणि आताचा जिल्हा, गेलेल्या माणसाच्या बहिणींची नावं आणि त्यांची सासरं, एवढंच लिहावं. कागदांच्या प्रती लगेच पाठवू नयेत, त्यांच्याकडे कोणते कागद आहेत ते आधी विचारावं. मिळकतीचा प्रश्न खरोखर असेल तर तो आहे हे दुसऱ्या पत्रात स्पष्ट सांगावं आणि त्याचा पत्रव्यवहार वकिलामार्फत वेगळा ठेवावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सह्या त्यासाठी घेऊ नयेत. उत्तर न आल्यास वर्षभराने एक आठवण पाठवावी, आणि तीही निरुत्तर राहिली तर जमवलेली माहिती गावाच्या नावाखाली लावून मंडळाच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे तिकडून कुणी पुढे कधी विचारलं तर ती त्याला मिळेल.